लेले मेट्रनचा अळ्यांचा वॉर्ड

लेले मेट्रनच्या घरी गेलं की चहाच्या आधी साबण हातात पडायचा. कोपरापर्यंत हात धुवायचे, नखं दाखवायची, मगच आतल्या खोलीचं दार उघडायचं. आत कोण? तर अळ्या. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, रुईची पानं खाणाऱ्या. पुढे त्यांची केशरी फुलपाखरं व्हायची.

हडपसरला तेव्हा सॉफ्टवेअरवाले नुकते कुठे यायला लागले होते. मी अकोल्याहून नोकरीसाठी आलो आणि मेट्रनच्या समोरचा फ्लॅट भाड्याने घेतला. पहिल्याच दिवशी आदराने ‘काकू’ म्हटलं, तर म्हणाल्या, “मी कुणाची काकू नाही. मेट्रन म्हणा.” उभा जन्म त्यांनी पेठेतल्या एका प्रसूतिगृहात काढला होता. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्या होत्या, पण ते फक्त कागदावर.

खोलीत लोणच्याच्या बरण्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीच्या तोंडावर मच्छरदाणीचं कापड बांधलेलं. पानाबरोबर अंडं घरात आलं की ते ‘दाखल’ झालं. फुलपाखरू खिडकीतून उडालं की ‘डिस्चार्ज’. भेटीची वेळ संध्याकाळची, आणि ती माझ्यासाठीसुद्धा बदलत नसे. एकदा मला सर्दी झाली तर आठवडाभर प्रवेश बंद. माणसाची सर्दी अळीला होत नाही, असं मी दारातूनच समजावून पाहिलं. “त्यांनी सांगितलं का तुम्हाला तसं?” एवढंच विचारून त्यांनी दार लावलं.

त्यांचं वैद्यकशास्त्र मात्र पक्कं होतं. मला समोर बसवून शिकवत. “अहो इंजिनिअर, ओलं पान दिलं की जुलाब. एका बरणीत गर्दी केली की साथ. जाळी उघडी राहिली की माशी अंडी घालून जाते, मग कोषातून फुलपाखराऐवजी माश्या निघतात. सगळी दुखणी हयगयीची.” रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्यावर बेतेल, म्हणून पानं तोडताना त्या मोठा काळा चष्मा लावत. मोकळ्या प्लॉटवर तो चष्मा घालून झुडपांत वाकलेल्या मेट्रनना पाहून रिक्षावाले वेग कमी करायचे. या फुलपाखरांचे थोरले चुलतभाऊ अमेरिकेत असतात, त्यांना मोनार्क म्हणतात, असंही त्यांनी मला सांगितलं होतं. आमच्या सोसायटीत त्या काळी ज्याचं कुणी अमेरिकेत नाही असं घर सापडणं कठीण होतं, त्यामुळे मला त्यात फारसं नवल वाटलं नाही.

मग तो मोकळा प्लॉट विकला गेला. आज तिथे काचेची इमारत आहे आणि माझे जुने सहकारी तिच्यात कॉफी पितात. त्या दिवशी मात्र जेसीबी आला आणि दुपारपर्यंत रुईचं एक झुडूप उरलं नाही. मेट्रनच्या वॉर्डात तेव्हा गर्दीचा हंगाम होता. अळ्या उपाशी राहिल्या तर दोन दिवसांत जातील, म्हणून मेट्रन कधी नव्हे त्या घाबऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या सकाळीच मारुतीच्या देवळात गेल्या. शनिवारचे रुईचे हार पुजाऱ्याने उतरवून ठेवले होते, ते पिशवी भरून घेऊन आल्या.

माझे हात तीनदा धुवायला लावणाऱ्या या बाईने ती पानं मात्र धुतली नाहीत. मी विचारलं, काहून हो मेट्रन, आज साबण नाही? तर म्हणाल्या, “देवाच्या अंगावरची पानं आहेत. ती काय धुवायची?” पानांना तेल आणि शेंदूर लागलेला होता. अळी अंगावरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेते. तेल लागून ती छिद्रं बुजली आणि संध्याकाळपासून अळ्या काळ्या पडून लोंबायला लागल्या. मेट्रन एकेका बरणीसमोर उभ्या राहत, आणि पुढच्या बरणीकडे जात.

आधीच कोषात गेलेली एकच उरली. ही गेली तर वॉर्ड बंद, बरण्या भंगारवाल्याला, असं त्यांनी जाहीर केलं. भेटीची वेळही आता राहिली नव्हती; मी ऑफिसला जाता-येता तो कोष पाहून जायचो. मेट्रन त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेल्या असत. पेपर उघडा असे, पण पान काही उलटत नसे.

फुलपाखरू निघालं एका सकाळी. डावा पंख चुरगळलेला, वाळल्यावरही सरळ झाला नाही. आता हे कधीच उडणार नव्हतं. असल्या अधूला मेट्रन कापसात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवत, तिथे गारठ्यात ते झोपेतच जाई. ते हाल होण्यापेक्षा बरं, असं त्यांचं मत. त्या दिवशी त्यांनी कापूस काढला खरा, पण तो साखरपाण्यात बुडवला आणि फुलपाखराला बोटावर घेतलं.

मी काही विचारलं नव्हतं. त्या आपणहून बोलायला लागल्या.

“वॉर्डात एकदा एक मुलगी मागे राहिली. तिचा पाय वाकडा होता. आई तिला ठेवून निघून गेली. मी मागितली होती ती. पण बिनलग्नाच्या बाईला कोण देतंय? अनाथाश्रमाची गाडी आली तेव्हा दुपट्यात गुंडाळून मीच बाहेर नेऊन दिली.”

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. फुलपाखरू बोटावरून मनगटाकडे चढत होतं आणि त्या हात जराही हलू देत नव्हत्या.

“हिला नाही द्यायची कुणाला,” त्या म्हणाल्या.