ऊसतोडीच्या मॅडम

"हॅलो, मॅडम, आमच्या उसाला टोळी कवा लावता?"

सकाळपासूनचा हा चौदावा फोन. शरयू बारावीला होती आणि तिच्या घरी ऊस सोडा, गवताची काडी नव्हती. आदल्या दिवशी कुणीतरी गावोगाव मेसेज सोडला होता : 'ऊसतोडीची टोळी हवी? मॅडमना फोन करा. चोवीस तास.' खाली तिचा नंबर.

"बंद कर तो फोन," आई द्वारकाबाई म्हणाल्या. "न्हाईतर कॉलेज बंद. लोक काय म्हणतील?"

"लोक टोळी मागून राह्यले, आई. दुसरं काही म्हणत न्हाईत."

"मंग नंबर बदल."

"नंबर अण्णांचा हाय."

द्वारकाबाई चुलीकडे वळल्या. शरयूचे वडील भिवाअण्णा दिवाळीनंतर गेले, तेव्हा त्यांचा मोबाइल शरयूकडे आला होता.

कॉलेजात विमल मॅडमनी त्याच आठवड्यात एक कागद वाटला : 'मोबाइलवरून कुणी छळलं तर काय वाटतं? मजा की त्रास?' एकूण एक मुलग्यानं 'मजा'वर खूण केली. मुलींनी 'त्रास'वर. मागच्या बाकावरून गिरिधर म्हणाला, "पोरींना मजाकच कळत न्हाई."

"शरयू, नंबर बदलून टाक ना," विमल मॅडम हळूच म्हणाल्या.

"मेसेज दुसऱ्यानं सोडायचा अन् नंबर म्या बदलायचा? बिलकुल न्हाई."

संध्याकाळी शहागडच्या रखमाजींचा फोन आला. शरयूनं विचारलं, "मामा, मेसेज कुणी पाठिवला तुम्हाला?"

"काकासाहेबाच्या पोरानं. गिरिधरनं."

शरयू म्हणाली, "मंग त्यालाच माहीत असंल. घरी जा. सकाळी सहाच्या आत गेलात तर झोपेत सापडतो."

त्यानंतर प्रत्येकाला तिनं हेच सांगितलं, अगदी अदबीनं.

पहिल्या दिवशी सात माणसं आली. गिरिधरनं हात झटकले, तशी 'पोरगं टाळून राह्यलं' अशी बोलवा झाली आणि तिसऱ्या दिवशी अंगणात चाळीस माणसं बसली. चहात गिरिधरच्या आईचं, उषाबाईंचं, रतिबाचं दूध संपलं. रखमाजी तुरा आलेला अख्खा ऊस घेऊन थेट गिरिधरच्या पलंगापाशी उभे राहिले. "बघ लेकरा! वजन घटून राह्यलं. टोळी कुठंय?"

"कारखान्याचा डायरेक्टर कवा झालास रे तू?" काकासाहेब ओरडले. "माझ्याच उसाला टोळी न्हाई अजून!"

डोळे तांबारलेला गिरिधर कॉलेजच्या फाटकात शरयूला आडवा आला. "बंद कर हे! तीन दिवस झोप न्हाई. आईनं बोलणं सोडलं."

"अरे, मजाक केली. मनावर काय घेतोस?"

त्यानं हात जोडले.

"ज्याला ज्याला पहिला मेसेज गेला, त्याला दुसरा पाठव," ती म्हणाली. "स्वतःच्या नावानं. खोटं बोललो, म्हणून."

त्यानं तिथंच उभं राहून पाठवला. मग विमल मॅडमकडे जाऊन, खाली मान घालून, आपला कागद परत मागितला. मॅडमनी खोडरबरही दिला. मुलग्यांच्या कागदांत 'त्रास' या शब्दापुढे पहिली खूण झाली.

त्या दुपारी शरयूचा मोबाइल चुलीशेजारी वाजला. ती अंघोळीला गेली होती. द्वारकाबाईंनी पदराला हात पुसले, फोन उचलला आणि पलीकडून 'नंबर चुकला का?' ऐकू येताच ठणकावून म्हणाल्या, "नंबर बराबर हाय. भिवाअण्णांचा. आता शरयूचा. बोला, काय काम हाय?"