‘काढा’ म्हणजे नक्की काय?

आमच्या ऑफिसात रेहाना मॅडमसमोर ‘जरा बघून घ्या’ म्हणायची कुणाची छाती नाही. “नुसतं बघू, का घेऊ पण?” असं त्या विचारणारच. एकदा चहावाल्यानं फोनवर विचारलं, “नेहमीचाच का?” तर म्हणाल्या, “काल तू बिनसाखरेचा आणलास. परवा आल्याचा. यातला नेहमीचा कुठला, ते आधी सांग.” चहा आला तर येईल, पण अर्थ पक्का झाला पाहिजे.

होटगी रोडवरच्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत त्यांचं काम लिहिण्याचं. तेही माणसांसाठी नव्हे, एआय एजंटसाठी. एजंट म्हणजे लोकांचे मेसेज वाचून आपणहून डेटाबेसमध्ये शोधाशोध नि फेरफार करणारा प्रोग्राम. त्याला आम्ही टूल देतो: एक नोंद शोधायचं, एक बदलायचं, एक रद्द करायचं. ती टूल मी बनवतो. कुठलं कधी उचलायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे मॅडम लिहितात. माझं टूल तयार होऊन पडलं, तरी मॅडम आपल्या चार ओळी घासतच असायच्या.

आमच्या साहेबांना ते खुपायचं. “मॅडम, एआय हुशार आहे. इतकं समजावून सांगायला ते काय बालवाडीत आहे?”

“हुशार आहे म्हणूनच की! मठ्ठ असतं तर अडून बसलं असतं. हुशाराला अर्धवट सांगा, उरलेलं तो आपल्या मनानं भरतो. आणि वर छातीठोक सांगतो, काम झालं म्हणून.”

मध्यंतरी एका डायलिसिस सेंटरचं काम आलं. रुग्णांनी मेसेज करायचा, एजंटनं वेळ द्यायची, बदलायची. मॅडम तडक सेंटरवर जाऊन बसल्या, रुग्ण कसे बोलतात ते ऐकायला. आल्या त्या पानभर लिहूनच. साहेबांनी त्यातल्या दोन ओळी ठेवल्या, बाकी उडवल्या.

“सुटसुटीत पाहिजे. उद्या सुरू करायचंय.”

“माझं पान परत लावा. नाहीतर हे सुरू होणार नाही.”

“कोण अडवणार?”

“मी.”

सगळ्यांचे हात कीबोर्डवर थबकले. साहेबांचा आवाज चढला. “मॅडम, तुम्हाला कामावरून काढायची वेळ माझ्यावर आणू नका.”

“काढा की! पण लेखी द्या. आणि ‘काढून टाकलं’ असं लिहा. नुसतं ‘काढलं’ नको, त्याचे दोन अर्थ होतात.”

मला आलेलं हसू मी खोकल्यात घातलं. मॅडमनी मात्र ट्रायलचा स्क्रीन उघडून साहेबांपुढं सरकवला. “मंगळवेढ्याच्या एक मावशी येतात सेंटरवर. आपली वेळ शोधून पाहिजे असली की त्या काय म्हणतात, ते सांगते. टाइप करा. तुमच्याच हातानं.”

साहेबांनी टाइप केलं: ‘माझी मंगळवारची येळ काढा.’

एजंटचं उत्तर लगेच आलं, अगदी गोड: ‘आपली मंगळवारची वेळ काढून टाकली आहे. तब्येतीची काळजी घ्या.’

“ट्रायलच आहे,” साहेब पुटपुटले.

“ट्रायलमध्ये वेळ गेली. खऱ्यात माणूस जाईल.”

साहेबांनी स्क्रीन परत मॅडमकडं सरकवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “लाव त्यांचं पान.”

मी लावलं. त्यातल्या ओळी मला अजून पाठ आहेत: ‘काढा या एका शब्दावरून काहीही रद्द करू नका. शोधायचं की रद्द करायचं, हे रुग्णाला विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.’ तोच मेसेज पुन्हा टाकला. एजंटनं विचारलं, ‘तुमची मंगळवारची वेळ शोधून सांगू, की रद्द करू?’

“शाब्बास,” मॅडम स्क्रीनला म्हणाल्या. “असं विचारायचं, बाळा.”

काम सुरू झालं, सुरळीत चाललं. तरीही मॅडम मंगळवारी दुपारी अर्धी रजा टाकू लागल्या. कुठं जाता, हे विचारायची माझी टाप नव्हती. मग एका मंगळवारी सेंटरचा कॉम्प्युटर अडला म्हणून मी तिथं गेलो, तर मावशींच्या पलंगाजवळ मॅडम बसलेल्या. मावशी आपल्या शेळ्यांचं काहीबाही सांगत होत्या. मधेच थांबून त्यांनी विचारलं, “घरी कोण कोण हाय गं तुला?”

“कुणी नाही, मावशी. अम्मी होती. ती गेली.”

मावशींच्या एका हातात डायलिसिसच्या सुया टोचलेल्या होत्या. दुसरा हात त्यांनी पुढं केला. “मंग अशी लांब का बसतीस? हिकडं सर की.”

मॅडमनी स्टूल पुढं ओढलं. कॉम्प्युटर नंतर बघता आला असता. मी पाय न वाजवता बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.