मनातलं कॉम्प्युटरला सांगायचं नाही!

उंद्रीच्या महादेवरावांना आयुष्यात कुणी फसवलं नव्हतं, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं. गुरांच्या बाजारात जो बैल घ्यायचा त्याच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. आधी तीन भलत्याच बैलांचे दात मोजायचे, शिंगं चाचपायची, नाक मुरडायचं आणि निघता निघता सहज विचारल्यासारखं म्हणायचं, "अन् हा कसा देता?" आपल्या मनातलं समोरच्याला कळलं की सौदा हातचा गेला, हे त्यांनी गावाला इतक्यांदा ऐकवलं होतं, की लोक त्यांना पाहून रस्ता बदलत.

त्यांची लेक अपेक्षा एमबीबीएस होऊन शेजारच्या तालुक्यात सरकारी दवाखान्यात बाँडची सक्तीची नोकरी करत होती. पुढच्या शिक्षणासाठी तिनं नीट पीजी दिली आणि आठशेपैकी सहाशे सहा मार्क मिळवले. महादेवरावांनी अर्ध्या गावाला पेढे वाटले. लेकीचा चेहरा मात्र उतरलेला!

"बाबा, मार्क किती, हे कोणी पाह्यत नाही. आपल्या पुढं किती जण हायेत, हे पाह्यतात. माही रँक तीन हजार एकशे अठ्ठेचाळीस. मागच्या साली रेडिओलॉजीची शेवटची जागा बत्तीसशेच्या आसपास संपली. म्हणजे मी अगदी काठावर हाये."

"रेडिओलॉजी म्हणजे ते फोटो काढायचं न?" कौशल्याबाईंनी विचारलं. "एवढं शिकून फोटोच काढशील काय वं?"

"आई, एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय, सारं त्यातच येते. आमच्या दवाखान्यातून पोटुशी बाई सोनोग्राफीसाठी तासभर एसटीत हादरे खात जाते. मले शिकून इकडंच मशीन लावायची हाये. पण साऱ्या हुशार पोरायले हेच पाह्यजे, म्हणून तर एवढी मारामारी!"

ही मारामारी कॉम्प्युटरवर होती. कोणतं कॉलेज, कोणता विषय, अशी पसंतीची यादी भरायची आणि शेवटच्या दिवशी दुपारी चारला ती कायमची बंद. अपेक्षानं वरच्या चौदा ओळींत रेडिओलॉजी टाकली, खाली मेडिसिन, बालरोग. आणि 'रिकाम्या हातानं नको बाई' असं आईनं दहादा म्हटल्यामुळे सगळ्यात शेवटी फॉरेन्सिक. म्हणजे पोस्टमॉर्टेमचं खातं!

शेवटच्या दिवशी सकाळी ती ड्युटीवर गेली. टेबलावर पडलेली यादीची प्रत महादेवरावांनी वाचली आणि कपाळावर हात मारला.

"अवं, हिनं पह्यल्याच ओळीत मनातलं सांगून टाकलं! आता ते काऊन देतील हिले रेडिओलॉजी? अडवून धरतील न!"

"तिले इचारा एकडाव."

"लेकराले बाजारातलं काय समजते!"

फॉर्म चिखलीच्या गोविंदाच्या नेट सेंटरमध्ये भरला होता. मोबाईल नंबर महादेवरावांचा होता, कारण बारावीपासून लेकीच्या प्रत्येक फॉर्मवर त्यांचाच नंबर असे. अकरा वाजता ते गोविंदासमोर हजर झाले.

"खालचं वर कर अन् वरचं खाली कर. पूर्ण यादी!"

"काका, अपेक्षाताईले सांगतलं काय?"

"मी बाप हावो तिचा!"

ओटीपी आला, यादी फिरली. पहिल्या नंबरावर फॉरेन्सिक जाऊन बसलं आणि रेडिओलॉजी पार तळाला. मोठी कामगिरी फत्ते करून महादेवराव घरी आले आणि वरण-भातावर ताव मारून आडवे झाले.

अडीच वाजता प्रसेनजितचा फोन आला. हा अपेक्षाच्या कॉलेजातला, तिच्या एक वर्ष पुढचा. अकोल्याला रेडिओलॉजीच करत होता. अपेक्षाचा फोन लागत नव्हता, आणि यादी लॉक झाली का, एवढंच त्याला विचारायचं होतं. महादेवरावांनी आपली हुशारी अगदी मीठमसाला लावून सांगितली.

"हॅलो? प्रसेनजित?"

"काका," तो कसाबसा म्हणाला, "कॉम्प्युटर भाव नाही करत हो! तो वरून वाचत येते अन् जे पह्यलं मोकळं दिसलं ते देऊन टाकते. खालच्या ओळी पाह्यतच नाही!"

"मंग फॉरेन्सिक मोकळं राह्यते काय?"

"या रँकवर? हात धरून नेतील!"

महादेवरावांच्या डोळ्यांपुढे आपली गोरीगोमटी लेक आणि तिच्यापुढे रांगेत निजलेली मढी उभी राहिली... म्हणजे, निजलेलीच राहिली. त्यांनी अपेक्षाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. दवाखान्यात पेशंटची गर्दी असणार! फोन चार्जिंगला टोचून त्यांनी चप्पल शोधली, एक सापडली, दुसरी कौशल्याबाईंची घातली आणि मोटारसायकलला किक मारली.

चिखलीला पोहोचले तेव्हा साडेतीन झाले होते आणि सेंटरचं शटर खाली! महादेवराव रस्त्यात गरगर फिरू लागले. शेजारच्या सलूनमध्ये गोविंदा खुर्चीत डोळे मिटून बसलेला दिसला. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस.

"ऊठ बे! यादी सरळ कर!"

"काका, अर्धी दाढी..."

"माही पोरगी मढ्यात चालली अन् तुले दाढी सुचते!"

त्या ओरडण्यानं सलूनमधली चार माणसंही मागोमाग सेंटरमध्ये आली. गोविंदानं फेसासकट कॉम्प्युटर चालू केला. वेबसाइटवरचं चक्र फिरू लागलं. तीन चाळीस. तीन चव्वेचाळीस. अखेर पान उघडलं.

"ओटीपी सांगा, काका."

महादेवरावांनी खिसा चाचपला. फोन घरी, चार्जिंगला! त्यांनी गोविंदाच्या फोनवरून स्वतःचा नंबर फिरवला आणि स्पीकर लावला.

"हॅलो, कोण?" कौशल्याबाई.

"मी बोलून राह्यलो! आता जो मेसेज आला, त्यातले आकडे सांग. लवकर!"

"ओटीपी? अन् तोही परक्या नंबरावरून? बचत गटाच्या मीटिंगमधी बँकेच्या मॅडमनं सांगतलं, ओटीपी कोणालेच द्यायचा नाही. आजकाल आवाजाची नक्कल करतात म्हणे!"

"अवं, मी नवरा हावो तुहा!"

"खरे असान तर एक सांगा. सयपाक कोणाचा चांगला? माहा का तुमच्या आईचा?"

सलूनमधल्या चौघांनी कान टवकारले. तीन एकोणपन्नास. बायकोला खूश करायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच इतकी निकडीची आली होती.

"तुहा! तुहाच! तुह्यासारखा सयपाक साऱ्या जिल्ह्यात नाही!"

"चोर मेला!" असं म्हणून कौशल्याबाईंनी फोन ठेवला.

गोविंदानं पुन्हा लावला. दोनदा उचललाच नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तीन चोपन्न झाले होते.

"आईचा!" महादेवराव किंचाळले. "सयपाक माह्या आईचाच चांगला! तुही भाजी अळणी, भाकर करपते, अन् वरणाचं तर नावच नको काढू!"

"हाव, तुम्हीच हाये," कौशल्याबाई थंडपणे म्हणाल्या आणि सहा आकडे सांगितले.

पान उघडलं. गोविंदानं पडद्याकडे बोट दाखवलं.

"काका... यादी तर लॉक झाली. आता काहीच बदलता येत नाही."

महादेवराव मटकन बाकड्यावर बसले. चार वाजायला चार मिनिटं होती आणि त्यांच्या लेकीचं सहाशे सहा मार्कांचं नशीब त्यांनी स्वतःच्या हातानं मातीत घातलं होतं. त्यांना रडू आवरेना. सलूनमधली माणसं खाली बघू लागली.

"पण काका," गोविंदा पुढे झुकला, "पह्यल्या ओळीत तर रेडिओलॉजी हाये!"

फोन अजून चालूच होता. त्यातून कौशल्याबाईंचा आवाज आला. "ते अपेक्षानं मघाच केलं. प्रसेनजितनं तिच्या दवाखान्यात फोन करून निरोप देला. सव्वातीनले तिचा फोन आला, मी आकडे सांगतले, तिनं सरळ करून कुलूप लावलं."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"चोराले सांगू काय?"

पुढचे आठ दिवस महादेवरावांचं जेवणात लक्ष नव्हतं. तसं ते जेवणही लक्ष द्यावं असं नव्हतं, कारण कौशल्याबाई आता मुद्दामच मीठ विसरत होत्या. नवव्या दिवशी निकाल लागला. अपेक्षाला यादीतली तेरावी ओळ मिळाली. रेडिओलॉजी! आपण उलटी केलेल्या यादीत पहिल्या ओळीत काय होतं, हे आठवून महादेवरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ढसाढसा रडले.

"माय, रागावली नाही न माह्यावर?"

"नाही, बाबा," अपेक्षानं त्यांचे डोळे पुसले. "झालं ते झालं. आता तीन वर्षं शिकायचं. त्याच्यानंतर एक परीक्षा..."

"चूप!" कौशल्याबाईंनी स्वयंपाकघरातून पळत येऊन लेकीच्या तोंडावर पिठाचा हात ठेवला. "ह्यायच्यासमोर पुढच्या फॉर्मचं नाव काढू नको!"