पावडरच्या डब्याला कुंकू

दसऱ्याच्या सकाळी प्रल्हादने पावडरच्या डब्यांना कुंकू लावलं आणि तिथेच गडबडीला सुरुवात झाली. कुंकू दर दसऱ्याला लागायचंच. पण आजवर ते त्याची बायको मनोरमा लावायची, बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. मनोरमा उन्हाळ्यात गेली. यंदा तिच्या माघारी काही कमी पडायला नको म्हणून प्रल्हादने सढळ हाताने लावलं.

ही पावडर बंदुकीची. अल ऐनमधल्या ज्या बंगल्यात प्रल्हाद नोकरीला होता, तिथल्या मालकाला, म्हणजे अरबाबला, नेमबाजीचा नाद होता. वापरलेली काडतुसं तो रीतसर लायसन्स काढून घरीच पुन्हा भरायचा. अंगणाच्या टोकाला त्यासाठी खोली होती आणि तिची किल्ली प्रल्हादच्या कमरेला. फौजेच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेला माणूस. पावडर मूळ डब्यातच, लाकडी कपाटात. काडतुसाच्या बुडात बसणाऱ्या ठिणगीच्या टोप्या समोरच्या भिंतीला, दुसऱ्या कपाटात. एसी कायम चालू. काडेपेटी, पाण्याचा तांब्या, सगळं दाराबाहेर. भिंतीवर त्याने स्वतः अरबी आणि इंग्रजीत पाटी करून लावली होती : लाल खूण म्हणजे खराब माल, वापरू नये.

पूजाही नियमात बसवली होती. दिवा नाही, उदबत्ती नाही. निरांजन न पेटवताच ओवाळलं. डबे, टोप्यांचं कपाट, काडतुसं भरायचं यंत्र, तराजू, सगळ्यांना कुंकू आणि फुलं. हळदीची वाटी त्याने क्षणभर एसीखाली ठेवली, तर वाऱ्याने अर्धी हळद खोलीभर उडाली. बरी दिसतेय, सणासारखी, असं म्हणून त्याने कुलूप लावलं. संध्याकाळी येऊन फुलं काढायची, मनोरमा काढायची तशी.

पण लायसन्सची तपासणी करणारा कॅप्टन दुपारीच दारात उभा राहिला. एरवी तो दसऱ्यानंतर यायचा. यंदा त्याला सुट्टीवर जायचं होतं.

कॅप्टनने पाटी वाचली आणि कपाट उघडलं.

"प्रल्हाद, ये डिब्बा खराब?"

"नहीं साहब, एकदम अच्छा."

"लाल है. ये दूसरा?"

"वो भी अच्छा."

"वो भी लाल. मशीन लाल, तराजू लाल, कपाट लाल. हबीबी, बोर्ड झूठ बोलता है या तुम?"

प्रल्हाद उत्तर जुळवत होता, तेवढ्यात कॅप्टनला जमिनीवरची पिवळी पूड दिसली. तो चटकन मागे सरला.

"सल्फर!"

"नहीं साहब, हल्दी! हमारे सांगली की!" असं म्हणून प्रल्हादने खाली वाकून बोट टेकवलं आणि चाटलं.

"यल्ला, सब बाहर!" कॅप्टन ओरडला.

अंगणात गर्दी जमली, अरबाबही बाहेर आला. ड्रायव्हर मुनीर रायगडचा, त्याला तर चेष्टेला निमित्तच हवं होतं. "भाऊ, विष खायचंच होतं तर दुसऱ्याच्या अंगणात तरी खायचं!"

शेवटी स्वयंपाकघरातून कुबराला बोलावलं. ती रत्नागिरीची, बंगल्यातली स्वयंपाकीण. प्रल्हादच्या बोटाचा वास घेऊन ती म्हणाली, "ही तर हळद! आणि केवढी नासाडी ओ!" मग कॅप्टनने वास घेतला. बिर्याणीतली ओळख पटली आणि तो जरा निवळला.

"ठीक. मगर ये स्टोर है, किचन नहीं. मैं चाय पीता हूँ, तब तक सब साफ. नहीं तो लायसन्स खलास."

लायसन्स गेलं की खोली बंद, आणि खोली बंद झाली की प्रल्हादचं सांगलीचं तिकीट पक्कं. तरी तो जागचा हलला नाही.

"साफ करो, प्रल्हाद," अरबाब म्हणाला.

"अरबाब, कुंकू पुसत नाहीत... पोंछते नहीं. हमारे में आदमी मर गया, तो औरत का पोंछते हैं."

अरबाबने विचारलं, "और औरत मर गई, तो आदमी का क्या पोंछते हैं?"

"कुछ नहीं, अरबाब."

कॅप्टनने हातातला चहा खाली ठेवला. "मगर हर साल मैं तुम्हारी ईद के बाद आता हूँ. एक दाग नहीं देखा."

"हर साल लगता है, साहब. मनोरमा शाम को सिर्फ फूल निकालती थी. कुंकू रहता था."

"नहीं रहता था."

"रहता था, साहब!"

कुबरा पुढे झाली. "भाऊ, रागावू नका. वहिनी पुसायच्या. दर वर्षी. तुम्ही येता का बघायला मी दाराशी उभी राहायचे."

"कुंकू पुसायची? मनोरमा?"

"म्हणायच्या, कुंकवाच्या धन्याची नोकरी राहू दे, डब्याचं पुसलं तर देव काय रागावत नाही."

"आणि मला कळलं नाही?"

"कसं कळणार? दुसऱ्या दिवशी खोलीत जाऊन तुम्हीच म्हणायचात, बघ, कशी लखलखीत ठेवलीय मी."

मुनीरने गाडीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

प्रल्हादचा चेहरा लाल झाला. मग त्याला भलतंच काही सुचलं आणि तो गरजला, "ओल्या फडक्याने पुसायची? माझ्या खोलीत पाणी?"

"ओलं कुठलं! सुकं, सुती. नायलॉनची साडी असली तर आधी बदलून यायच्या. ठिणगी उडते म्हणे. बांगड्या काढून माझ्याकडे द्यायच्या. डबा उचलला तर दोन्ही हातांनी, आणि परत जागच्या जागी."

"हे तिला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की. जेवताना."

जेवताना प्रल्हाद रोज खोलीबद्दल बोलायचा आणि मनोरमा मुकाट्याने वाढत राहायची. ती ऐकत नाही अशी त्याची पक्की समजूत होती.

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून कुबराच्या हातात दिलं. खांद्यावरचा सुती पंचा घेतला आणि आत गेला. एकेक डबा दोन्ही हातांनी उचलून पुसला आणि जागच्या जागी ठेवला. फुलं काढली, यंत्र, तराजू, कपाट पुसलं आणि जमिनीवरची हळदही टिपून घेतली. कुणी घाई केली नाही.

कॅप्टनने खोली पुन्हा पाहिली आणि सही केली. "हर साल जैसा. पूरे अल ऐन में तुम्हारे जैसा स्टोरकीपर नहीं."

एरवी या वाक्यावर प्रल्हाद आठवडाभर चालला असता. आज त्याने मान हलवली. "एक नहीं, साहब. दो स्टोरकीपर थे. पगार एक का था."

अरबाब हसला. "दूसरे ने कभी माँगा नहीं?"

"माँगेगी कैसे, अरबाब?" प्रल्हाद ताठ उभा राहून म्हणाला. "मेरे स्टोर में चोरी से काम करती थी. और मेरे जैसा आदमी पकड़ नहीं सका!"