सोबत मूल जोडावे

मुलांचं कल्याण करायचं तर आधी मुलांना कार्यालयापासून दूर ठेवावं लागतं. मुलं वस्तूंना हात लावतात, प्रश्न विचारतात आणि कोऱ्या कागदावर चित्रं काढतात, त्यामुळे त्यांच्याच कल्याणाचं काम खोळंबतं. हे ओळखून बालकल्याणासाठी अनुदान देणाऱ्या त्या संस्थेने आपलं कार्यालय चौथ्या मजल्यावर घेतलं होतं. बावीस वर्षांत तिथे एकही मूल आलं नव्हतं. भिंतीवर मात्र हसऱ्या मुलांचे सात फोटो होते. (त्यांपैकी पाच फ्रेमसोबत आले होते.)

या कार्याचा आधारस्तंभ म्हणजे अनुदान विभागाच्या त्रुटीकाकू. हे नाव त्यांना हाताखालच्या लोकांनी दिलं होतं आणि त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं होतं. आलेला अर्ज वाचायचा, त्यातली त्रुटी शोधायची आणि वर त्रुटीपत्र लावून तो परत धाडायचा, हे त्यांचं काम. अर्जात त्रुटी सापडली नाही तर तो नीट वाचलेला नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. घरीसुद्धा नवऱ्याने लिहिलेली किराण्याची यादी 'दिनांक नाही' म्हणून परत जाई, आणि तो बिचारा निमूटपणे दिनांक घालून आणी. काकू दुष्ट होत्या असं कुणी समजू नये. मुलांविषयी त्यांना मनापासून कळकळ होती. फक्त ती चुकीच्या शाईत व्यक्त झालेली त्यांना खपत नसे.

ऐकायला कमी येणाऱ्या मुलांच्या एका छोट्या शाळेने अकरा मुलांसाठी कानाची यंत्रं मागितली होती. पहिल्यांदा अर्ज परत गेला, कारण शिक्का डावीकडे होता. दुसऱ्यांदा गेला, कारण सही काळ्या शाईत होती. योजना आठ वर्षांखालच्या मुलांसाठी असल्याने या काळात चार मुलं आठ वर्षांची झाली आणि यादीतून आपोआप गळाली. सुंठेवाचून खोकला गेला. (वार्षिक अहवालात याची नोंद 'गरजू मुलांच्या संख्येत छत्तीस टक्के घट' अशी आहे.)

तिसऱ्या वेळी काकूंनी लेखी कळवलं की अर्जाला जन्मदाखल्यांची झेरॉक्स लावली आहे, मूळ जोडलेले नाही. आता इथे टंकलेखकाची अडचण सांगायला हवी. त्याच्या कळफलकावरचं ळ हे अक्षर दोन वर्षांपासून उमटत नव्हतं. त्याने नव्या कळफलकासाठी रीतसर मागणी केली होती, पण ती त्याच कळफलकावर टाइप केल्यामुळे तिच्यात 'कलफलक' असं पडलं, आणि अशी कुठलीही वस्तू भांडारात नाही असा शेरा मारून ती काकूंनीच परत केली होती. तेव्हापासून संस्थेची सगळी पत्रं 'वेल' पाळायला आणि 'निली' शाई वापरायला सांगत होती. ध चा मा झाला की इतिहास घडतो, ळ चा ल झाला तर कुणी बघतही नाही.

शाळेला पत्र गेलं ते असं: 'अर्जासोबत मूल जोडलेले नाही. सात दिवसांत मूल जोडून अर्ज फेरसादर करावा. झेरॉक्स चालनार नाही.' ('चालनार' ही टंकलेखकाची स्वतःची चूक. ती कळफलकावर ढकलता येत नाही.)

सातव्या दिवशी, दुपारी तीनला, शाळेच्या मावशी एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात दोन वेण्या घातलेली एक मुलगी घेऊन हजर झाल्या.

"अर्ज आणलाय," मावशी म्हणाल्या. "आणि ही जोडलीय."

"ही कोण?" काकूंनी विचारलं.

"तुम्हीच मागितलीत की. बाई म्हणाल्या, तीनदा परत आलाय अर्ज, आता पत्रात जे लिहिलंय ते अगदी तस्सं करायचं. आम्ही फोनही केला होता. फोनवर शंकांना उत्तरं देत नाही म्हणाले."

काकूंनी पत्र पाहिलं. खाली त्यांचीच सही होती, निळ्या शाईत, उजवीकडे. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांच्या पत्रात त्रुटी निघाली नव्हती. निघालीच असती तर त्रुटीपत्र कुणी कुणाला द्यायचं, याबद्दल नियम गप्प होते. तेव्हा पत्र बरोबर असणार हे उघड होतं. आणि पत्र बरोबर म्हटल्यावर मुलगीही बरोबर ठरत होती.

आवक कारकुनाने नोंदवहीत लिहिलं, 'सहपत्र: मूल, नग एक.' प्रत्येक सहपत्रावर शिक्का हवाच, म्हणून तो त्याने मुलीच्या तळहातावर मारला. तिने लगेच दुसरा हात पुढे केला. (दुबार नोंद टाळण्यात आली.) सहपत्राला पंचिंग मशीनने भोकं पाडून फाइलला नाडीने बांधायचं असा नियम होता. कारकून दयाळू असल्याने त्याने नाडी नुसती तिच्या वेणीला बांधली.

"बरं, मग मी निघू का?" मावशी म्हणाल्या. "मला तेवढी पोच द्या."

"निघू म्हणजे? हिला घेऊन जा."

मावशींनी अर्जाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत छापलं होतं, 'एकदा जोडलेली सहपत्रे कोणत्याही परिस्थितीत परत केली जाणार नाहीत.' तो नियम काकूंनीच लिहिला होता, आणि त्यांना तो फार आवडायचा.

मुलीला समोरच्या खुर्चीत बसवण्यात आलं. तिने टाचण्यांची डबी उघडून पाहिली, पेपरवेट फिरवला आणि भिंतीवरची मुलं नीट निरखली. काकूंनी फाइल उघडली. मुलीची जन्मतारीख वाचून त्यांनी बोटांवर हिशोब केला, मग पुन्हा केला. उद्या तिला आठ वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे आज सही झाली तर यंत्र, उद्या झाली तर सुंठेवाचून खोकला.

"तुझं प्रकरण आगामी बैठकीत विचारार्थ ठेवण्यात येईल," काकू म्हणाल्या.

"काय?" मुलीने कानामागे हात धरला.

"पुढच्या महिन्यात बघू."

"काय?"

काकू उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या, खाली वाकल्या आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "आज नाही मिळणार."

"का?"

काकूंकडे या प्रश्नाची बेचाळीस छापील उत्तरं होती. एका मुलीच्या कानात मोठ्याने सांगता येईल असं त्यांतलं एकही नव्हतं. त्यांना लाज वाटली. ही भावना कोणत्या रकान्यात बसते ते न कळल्याने त्यांनी फाइल उचलली, मुलीचा हात धरला आणि त्या सरळ संस्थेच्या सचिवांच्या खोलीत गेल्या.

सचिवांनी फाइल न उघडता सांगितलं, "बैठकीपुढे ठेवा."

"ठेवते, साहेब. पण तोवर मूळ सहपत्रं सचिवांच्या ताब्यात राहतात. नियम चौदा."

"मग ठेवा ना माझ्या कपाटात."

काकूंनी मुलीला पुढे केलं. "बैठक सव्वीस दिवसांनी आहे. सकाळी हिला दूध लागतं म्हणे."

सचिवांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने सचिवांच्या फिरत्या खुर्चीकडे पाहिलं. सातही मुलांच्या यंत्रांचा प्रस्ताव चार मिनिटांत मंजूर झाला. (मंजुरीला लागणारा सरासरी काळ: चारशे बारा दिवस.)

पावणेपाचला मंजुरीपत्र टाइप झालं: 'सोबत जोडलेले मूल (एक) व न जोडलेली मुले (सहा) यांस यंत्रे देण्यात यावीत.' मुलीने ते हातात घेऊन एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचलं. मग पालथं करून मागची बाजूही पाहिली.

"माझं नाव कुठंय?"

काकूंनी अर्ज चाळला. त्रेचाळीस रकाने होते. संस्थेचं नाव, अध्यक्षांचं नाव, उपाध्यक्षांचं नाव, ओळख देणाऱ्याचं नाव, बँकेच्या शाखेचं नाव. मुलाच्या नावाला रकाना नव्हता, आणि अठरा वर्षांत ही त्रुटी त्यांना सापडली नव्हती. त्यांनी पुन्हा वाकून मुलीच्या कानात नाव विचारलं. तिने सांगितलं, जरा जास्तच मोठ्याने. हाताला लागलं ते पेन काळं होतं, तरी काकूंनी त्याच पेनाने पत्रावर नाव लिहिलं, डावीकडे, जागा होती तिथे. मग बाकीच्या सहा जणांची मावशींना विचारून लिहिली. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी किराण्याची यादी बिनतारखेची स्वीकारली, आणि नवऱ्याने काळजीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्यानंतर संस्थेने कडक पावलं उचलली. अर्जाच्या तळाशी 'कृपया मूल जोडू नये' ही ओळ वाढवण्यात आली. टंकलेखकाला नवा कळफलक मिळाला. त्यावर ळ उत्तम उमटतो, ल उमटत नाही, त्यामुळे संस्था सध्या 'बाळकळ्याण' करते. लेखापरीक्षकांनी मंजुरीपत्रावर काळ्या शाईत हाताने लिहिलेल्या सात नावांना हरकत घेतली आहे, आणि काकूंनी अद्याप खुलासा दिलेला नाही.

मुलीचं नाव या कथेत कुठेही आलेलं नाही, ही त्रुटी शेवटी मान्य केली पाहिजे. शिक्का, शाई, रकाने, चार मिनिटं, सगळं आलं, तेवढं राहिलं. ज्या वाचकांना वाचता वाचता ते विचारावंसं वाटलं असेल, त्यांनी साध्या कागदावर, कोणत्याही शाईत कळवावं, नाव लगेच कळवण्यात येईल. या ओळीपर्यंत एकही विचारणा आलेली नाही.