साहेबांचा वाकडा पाईप

वस्तू पारखावी तर सुगत तायडेनं, असं अमरावतीत एकच माणूस म्हणत असे, आणि तो माणूस म्हणजे खुद्द सुगत तायडे. टरबूज तो कानाला लावून घ्यायचा, माठ टिचकी मारून, आणि कूलर तर दुकानातच चालू करून, त्याच्यासमोर पंधरा मिनिटं बसून. दुकानदार त्याला लांबून पाहूनच शटर अर्धं ओढत. त्यामुळे पाटबंधारे कार्यालयात काळमेघ साहेबांच्या निरोपसमारंभाची भेट कोण आणणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सुगतचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

भेट काय द्यायची हे ठरलेलंच होतं. साहेबांची सिगारेट डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी बंद केली होती. तेव्हापासून शब्दकोडं सोडवताना ते पेनाचं टोपण चघळत आणि म्हणत, रिटायर झालो की एक पाईप घेईन, तंबाखू-बिंबाखू काही नाही, नुसता रिकामा तोंडात धरीन. कसला, तेही हातानं दाखवत. छत्रीच्या मुठीसारखा छान वाकडा.

नत्थुजी म्हणजे ऑफिसातले सर्वांत जुने लिपिक. ते म्हणाले, रिकामाच धरायचा तर खेळण्यातला आणा, प्लॅस्टिकचा. सुगतला ते लागलं. त्याचे वडील नोकरीत असताना गेले, तेव्हा अनुकंपेची फाईल दोन वर्षं धूळ खात पडली होती. काळमेघ साहेबांनी ती स्वतः काखेत मारून टेबलाटेबलावर फिरवली होती. आज त्याच्या घरात जे काही होतं ते त्या फाईलमुळे होतं, आणि हे त्यानं साहेबांना तोंडानं एकदाही सांगितलेलं नव्हतं. या वेळी सांगायचं, आणि वस्तू अशी द्यायची की साहेबांनी हातात घेताच ओळखावं, असं त्यानं ठरवलं.

वर्गणीतून शाल, श्रीफळ आणि नाश्ता वजा जाता पाईपासाठी अकराशे रुपये उरले. सुगतनं दोन आठवडे मोबाइलवर अभ्यास केला. चांगला पाईप एका झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीतून कोरतात आणि ती गाठ आगीला दाद देत नाही, हे कळल्यावर तो इतका हरखला की जेवताना बायकोला, नीलमला, त्यानं ते तीनदा सांगितलं. नीलमनं तिन्ही वेळा वरण वाढलं. पण असल्या पाईपांच्या किमती पाहून त्याचा घास अडकला. अकराशेत जे मिळत होते ते नुसतेच चकचकीत होते.

शेवटी कोणीतरी अकोल्याच्या कुर्बानभाईंचं नाव सांगितलं. जुन्या बाजारात त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. दुर्बिणी, कुलपं, बंद पडलेली घड्याळं, आणि बिस्किटाच्या एका डब्यात सात पाईप. सुगतनं सवयीनं पहिल्या पाईपाला टिचकी मारली.

"माठ नोको समजू त्याले," कुर्बानभाई म्हणाले. "चमक पायतच नोको. भोक पाय."

आणि मग त्यांनी सुगतला अख्खी शाळा शिकवली. बारीक तार नळीतून घातली की ती तंबाखूच्या वाटीच्या बरोबर तळाशी निघाली पाहिजे. वर निघाली तर कारागीर झोपेत होता. नख फिरवायचं, भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली की नखाला कळते. वाटीची भिंत सगळीकडून सारखी जाड हवी. नवा भपकेबाज घेण्यापेक्षा जुना, साधा पण सच्चा घ्यावा. सुगत खाली मांडी घालून बसला आणि एकेक पाईप तपासत गेला. दोन तास कसे गेले त्याला कळलं नाही. पाच बाद झाले, एकाला चीर निघाली, आणि सातवा मात्र अस्सल. लाकडावर ज्वाळेसारख्या रेघा, तार थेट तळाशी, आणि काळी नळी अगदी साहेब दाखवत तशी वाकडी. अकराशेत बसला. एसटीत त्यानं तो मांडीवर धरून आणला.

घरी आई होती. इंदूबाईंनी वस्तू उलटसुलट पाहिली, नळीवरच्या दातांच्या खुणा पाहिल्या आणि विचारलं, "कोनाच्या तोंडातला आनला रे हा?"

कोणाच्या, हे सुगतलाही माहीत नव्हतं. उष्टी वस्तू साहेबांना देणं इंदूबाईंना पटेना. सुगत ऑफिसला गेल्यावर त्यांनी पाईप मीठ-लिंबानं चोळला, पुसला आणि वास जावा म्हणून गच्चीवर बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांच्या शेजारी ठेवून दिला. महिना मे, गाव अमरावती. दोन दिवसांत कुरडया वाळल्या. पाईप सरळ झाला.

नुसता सरळ नाही, फूटपट्टीसारखा सरळ. सुगतनं तो कुरडयांशेजारून उचलला आणि दुकानात घेतलेला फोटो मोबाइलवर उघडून ताडून पाहिला. लाकूड तेच, रेघा त्याच, नळी मात्र दुसरी. आईवर संशय घेता येत नव्हता, शेजाऱ्यांना पाईपाचं काय करायचं होतं? तेव्हा राहिले कुर्बानभाई. कागदात बांधताना हातचलाखी केली असणार. आपल्यासारख्या पारख्याला कोणी फसवावं, या विचारानं त्याला रात्रभर झोप आली नाही. समारंभाला एकच दिवस उरला होता. सकाळच्या पहिल्या एसटीनं तो अकोल्याला गेला आणि भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर, त्यानं कुर्बानभाईंना चोर ठरवलं.

कुर्बानभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग दोन चहा मागवले. एक सुगतपुढे सरकवला आणि दुसऱ्या वाफाळत्या ग्लासात पाईपाची नळी बुडवून ठेवली. थोड्या वेळानं काढून अंगठ्यानं हलकेच दाबली. नळी मुकाट्यानं वाकली. ती त्यांनी थंड पाण्यात धरली आणि पुसून सुगतच्या हातात दिली. पाईप पहिल्यासारखा वाकडा झाला होता.

"हे रबर आहे भाऊ," ते म्हणाले. "पैले सरळ बनवते, मंग गरम करून वाकवते. पुन्हा तापलं का ते आपल्या मूळ घरी जाते. उन्हात ठेवला काय?"

सुगतला कुरडया आठवल्या आणि त्याचे कान गरम झाले.

"मले माफ करा कुर्बानभाई. मी काहीबाही बोललो."

"बोलले ना. आता चाय प्या," ते म्हणाले. आवाजात अजून दुखावलेपण होतं, आणि सुगतनं तो चहा मान खाली घालून संपवला. निघताना त्यांनी एवढंच बजावलं की कार्यक्रम होईपर्यंत याला ऊन दाखवू नका.

सुगतनं पाईप ओल्या फडक्यात गुंडाळून आणला. रात्री माठाशेजारी ठेवला. काचेच्या झाकणाची देखणी पेटी आणली होती, तिच्यात तो बसवला, आणि समारंभाच्या दिवशी चार वाजता ती पेटी स्वतःच्या हातांनी ऑफिसच्या हॉलमधल्या टेबलावर मांडली. साडेचारला भाषणं सुरू झाली. पावणेपाचला पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा टेबलावर चढला आणि पेटीवर येऊन थांबला.

नत्थुजी तेव्हा माइकसमोर होते आणि साहेबांच्या पहिल्या नियुक्तीच्या सालात होते. पुढे चौतीस वर्षं बाकी होती. सुगत उठून पेटी हलवायला गेला, तर सूत्रसंचालन करणाऱ्या करिश्मानं डोळ्यांनीच त्याला बसवलं, कारण तिथे फोटो काढणं चालू होतं. तो हळूच खिडकीकडे गेला आणि पडदा ओढला. पडदा दांडीसकट खाली आला. आता पट्ट्याऐवजी सगळं ऊन आत आलं.

मग सुगतनं शेवटचा उपाय केला. तो स्वतः खिडकीत उभा राहिला, आपली सावली पेटीवर पडेल असा. सूर्य सरकला की तोही वीतभर सरके. ऊन डोक्यावरून पेटीवर पोचू लागलं की तो टाचा उंचावे. घाम डोळ्यांत जात होता, तो पुसायला रुमाल सारखा वर जात होता. लोक कुजबुजू लागले की तायडेला साहेबांचं जाणं फारच जिव्हारी लागलं. नत्थुजींनंतर आणखी चौघे बोलले आणि एकालाही थोडक्यात बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात करिश्मानं पुकारलं, "आता सुगत तायडे दोन शब्द बोलतील."

आपण हललो की ऊन पेटीवर, हे सुगतला कळत होतं. तो जवळजवळ धावत माइकपाशी गेला. चार पानी भाषण खिशातच राहिलं.

"साहेब, माझं घर तुमच्यामुळे उभं आहे. हे मी आजपर्यंत बोललो नाही," तो म्हणाला. त्यानं पेटी उचलली आणि साहेबांच्या हातात दिली. टाळ्या बराच वेळ चालल्या. काळमेघ साहेबांनी डोळे पुसले, त्याला मिठी मारली आणि मग पेटी उघडली.

पाईप आत होता. रेघा सुंदर, वाटी सुबक, आणि नळी फूटपट्टीसारखी सरळ.

साहेबांनी तो हातात तोलला, लाकडावर नख फिरवलं, तोंडात धरून पाहिला. वस्तू अस्सल आहे, म्हणाले, कोणीतरी जीव लावून निवडली आहे. सुगतची छाती फुगली. लोक नाश्त्याकडे वळल्यावर साहेब त्याला खांद्याला धरून बाजूला घेऊन गेले आणि अगदी हळू, त्याचं मन दुखावणार नाही अशा बेतानं विचारलं,

"सारं उत्तम आहे सुगत. पन तो वाकडा असते ना, तसा नाही मिळाला काय?"

सुगतनं एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे.

"वाकडा बजेटमध्ये नाही बसला, साहेब," तो म्हणाला.