व्याही खुर्चीवर

लैंगिक आजारांच्या पेशंटशी कसं बोलावं, याचं आम्हा कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग बेला गावच्या सरकारी दवाखान्यात लागलं, तेव्हा मी घरी जाहीर केलं, "कुसुम, पहिला नंबर आपलाच!"

बायको म्हणाली, "नंबराचं जाऊ द्या. आईतवारी तुळजाले पाह्यले पाहुणे येऊन राह्यले, तेवढं ध्यानात ठेवा."

तुळजा आमची एकुलती एक. हे तलमडुगूकडचं स्थळ मेव्हण्यानं सुचवलेलं. मी फक्त मुलाचा फोटो पाहिला होता. तुळजानं मात्र तो इतक्यांदा पाहिला होता, की आता नकार आला असता तर पोरीनं आठवडाभर अन्न घेतलं नसतं.

त्या दसऱ्याला तेलंगणात आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि त्या वाटणीत दवाखान्यांचा स्टाफही उलटापालटा झाला. ट्रेनिंगला तीस माणसं, पण ओळखीचा चेहरा एक नाही. शेवटच्या दिवशी परीक्षा. ट्रेनिंग घेणाऱ्या मॅडमनी सांगितलं, प्रत्येकाकडे एक अनोळखी कर्मचारी खोटा पेशंट बनून येईल. तो लाजेल, विषय टाळेल, उठून जाऊ लागेल. पण कागदावरचे एकवीस प्रश्न विचारल्याशिवाय त्याला सोडायचं नाही.

मी खोलीत तयार होऊन बसलो. एक फेटेवाले गृहस्थ आत आले. ते तोंड उघडणार तोच मी हात वर केला.

"नाव सांगू नका. इथं नाव लागत नाही, अन् इथलं बोलणं भाईर जात नाही."

ते बसले. मी विचारलं, बायकोशी संबंध कसे आहेत? गृहस्थ दचकून उठले. "हे काऊन विचारून राह्यले तुमी?"

विचारावंच लागतं, असं म्हणून मी त्यांना दंडाला धरून पुन्हा बसवलं. काय अभिनय होता! बायकोशिवाय दुसरं कोणी? आईची शपथ घेऊन नाही म्हणाले. जांघेत खाज? यावर मात्र दोन वर्षांचं दुखणं सांगताना त्यांचे डोळे भरले. माझेही भरले. मी डॉक्टरांच्या नावानं खरीखुरी चिठ्ठी लिहून दिली.

ते गेले आणि दुसरे आले. मग तिसरे, सत्तरीचे. त्यांनी सगळ्या प्रश्नांना मिळून एकच उत्तर दिलं, "ते दुकान बंद होऊन जमाना झाला." माझी हुशारी पाहून मॅडम जास्तीचे पेशंट पाठवतायत, या आनंदात मी चौथ्याला हाक मारली.

चौथा तरुण होता. नवा शर्ट, चापून बसवलेले केस. "संबंध कधीपासून..." एवढं बोललो आणि माझं पेन पडलं. तुळजा सारखी पाहायची, तो फोटोच समोर बसला होता!

बाहेर धावलो. मुलाचे वडील चंपतराव, म्हणजे ते फेटेवाले, दोन काकांसह बाकावर बसलेले. रविवारी त्यांच्याकडे कापूस वेचायचा होता, म्हणून पाहुणे आजच आले आणि कुसुमनं त्यांना इकडे धाडलं होतं. माझा खोटा पेशंट लिंबाखाली झोपला होता. तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही, म्हणून मॅडमनी मला गैरहजर लिहून नापासही करून टाकलं होतं. त्याचं मला काहीच वाटलं नाही. डोळ्यांपुढे तुळजा होती.

मी हात जोडून सगळं सांगितलं. चंपतरावांनी फेटा सारखा केला.

"आमाले वाटलं, तुमी शिकलेले लोक, पोरगी द्याच्या आधी घराणं तपासून राह्यले," ते म्हणाले. "म्हणून एकेकाले आत धाडलं. बाकीचे नुसती जमीन इचारते. माणूस कसा हाये, हे तुमीच इचारलं. पोरगी घरी पाहूनच आलो. आमाले पसंत हाये. पण एक अट."

मी जोडलेले हात सोडलेच नाहीत.

"आता तुमी आत पेशंटच्या खुर्चीवर बसा. आमालेबी घराणं पाहू द्या."

नाही कसं म्हणणार? बसलो. तिघांनी प्रश्नांचा कागद उलटसुलट करून पाहिला. कागद सरकारी, म्हणजे तेलुगूत. त्यांच्यात तेलुगू वाचणारा एकच होता. माझ्या होणाऱ्या जावयानं अदबीनं घसा खाकरला आणि पहिला प्रश्न विचारला.